हार्ट फेल्युअर, साधा सीबीसी आणि युरिया : मृत्यूचा अंदाज खरंच बांधता येतो?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

“पंपिंग वीस टक्क्यांवर आलंय” हे हृदयाच्या रक्त ढकलण्याच्या ताकदीबद्दलचं एक वाक्य कानावर पडलं की घरचे इकोचा कागद जपून ठेवतात आणि रक्ताचे रिपोर्ट फाइलच्या तळाशी जातात. मी पॅथॉलॉजिस्ट. माझं पोट त्या तळाच्या कागदांवर चालतं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा धागा.

हार्ट फेल्युअरचा पेशंट धाप लागून, पाय सुजून भरती झाला की तासाभरात त्याच्या रक्ताचे बल्ब (नळ्या) लॅबमध्ये येतात. जांभळ्या टोपणाचा सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी), दुसरा युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियमसाठी. हल्ली सोबत एनटी-प्रोबीएनपीही (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) सांगतात. त्याचा आकडा हजारांत येतो, नातेवाईक हबकतात, व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर फोटो फिरतो. त्याच रिपोर्टात युरिया ११० आणि सोडियम १२९ असतं, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

२००५ साली अमेरिकेतल्या ‘ॲडहिअर’ रजिस्ट्रीचा अभ्यास आला. ६५ हजारांहून जास्त भरती झालेल्या पेशंटांची माहिती, प्रत्येकाच्या ३९ बाबी. प्रश्न एकच : हॉस्पिटलात असतानाच कोण दगावेल? गाळून गाळून शेवटी तीन गोष्टी उरल्या. बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) ४३ किंवा जास्त, वरचं बीपी ११५ च्या खाली आणि क्रिएटिनिन २.७५ किंवा जास्त. तिन्ही प्रतिकूल असलेल्या गटात साधारण २२ टक्के पेशंट हॉस्पिटलातच गेले. बीयूएन कमी आणि बीपी चांगलं असलेल्या गटात २ टक्के. दहापट फरक, आणि त्यासाठी लागलं काय? तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या दोन तपासण्या आणि बीपीचा पट्टा.

एक सूचना : आपल्याकडच्या बऱ्याच लॅब बीयूएन न देता ‘ब्लड युरिया’ देतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. म्हणजे वरचा ४३ आपल्या कागदावर ९२ च्या आसपास दिसेल. युरिया ५० बघून ‘४३ च्या वर गेलं’ म्हणून घाबरू नका.

आता क्रिएटिनिनपेक्षा युरिया जास्त बोलका का? हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही, तेव्हा शरीराला वाटतं पाणी कमी पडलंय. रेनिन, अँजिओटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन ही सगळी हॉर्मोन्स कामाला लागतात आणि किडनी पाणी परत ओढू लागते. पाण्याबरोबर युरियाही परत येतो, क्रिएटिनिन येत नाही. त्यामुळे युरिया किडनीबद्दल तर सांगतोच, शिवाय शरीर आतून किती घायकुतीला आलंय तेही सांगतो. क्रिएटिनिनची आणखी एक अडचण म्हणजे ते स्नायूंमधून येतं. जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये पेशंट खंगतो, मांड्या-दंड उतरतात, मग १.१ दिसणारं क्रिएटिनिनही फसवं असू शकतं.

सोडियम कमी होतं तेही त्याच व्हॅसोप्रेसिनमुळे. मीठ कमी झालेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं.

आणि माझा लाडका आकडा, आरडीडब्ल्यू. लाल पेशींच्या आकारात किती तफावत आहे याचं माप. सीबीसीचं मशीन तो आपोआप छापतं, वेगळे पैसे पडत नाहीत. साधारण साडेचौदापर्यंत नॉर्मल. २००७ मध्ये ‘चार्म’ या मोठ्या औषध-चाचणीतल्या पेशंटांच्या ३६ लॅब तपासण्या ताडून पाहिल्या, तर मृत्यू आणि पुन्हा भरती यांच्याशी सर्वांत घट्ट संबंध आरडीडब्ल्यूचा निघाला. हृदयतज्ज्ञांनी तोवर त्या रकान्याकडे पाहिलंही नसेल. कारणं बरीच सुचवली गेली आहेत : लोहाची कमतरता, अंगातला बारीक दाह, किडनीकडून येणारा एरिथ्रोपोएटिनचा (लाल पेशी बनवायला सांगणारं हॉर्मोन) निरोप बिघडणं, म्हाताऱ्या पेशी रक्तात जास्त काळ रेंगाळणं. बहुधा सगळ्यांचा थोडाथोडा वाटा आहे.

हार्ट फेल्युअरचा पेशंट किती जगेल याचा अंदाज बांधणाऱ्या २००६ च्या ‘सिएटल मॉडेल’मध्ये हिमोग्लोबिन, लिम्फोसाइटचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रमाण, युरिक ॲसिड, सोडियम आणि एकूण कोलेस्टेरॉल हे पाचही घेतलेत. यातलं एकही महागडं नाही.

माझं म्हणणं एवढंच : तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये धोका किती आहे याचा बराचसा अंदाज आपल्या हातात आधीच असतो. तो वाचायला हवा.

टवाळ

म्हणजे चित्रगुप्ताची वही आता लॅबमध्ये मिळणार, तीही एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्क्यासकट. होम कलेक्शन आहे का?

मांडवीकाठ

वाचतेय. सविस्तर लिहीन रात्री.

सांगलीची सून

सूक्ष्मदर्शी सर, लेख वाचला आणि लगेच सासऱ्यांची फाइल काढली. वय ६८, दोन वर्षांपूर्वी अटॅक, पंपिंग २५. मागच्या महिन्यात भरती होते. सोडियम १२८, युरिया ७४, आरडीडब्ल्यू १८.२.

सोडियम कमी म्हटल्यावर सासूबाई त्यांना रोज ताटात लोणचं वाढतात, वरून ताकात मीठ. शेजारच्या काकांना सोडियम कमी झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी मिठाचं पाणी द्यायला सांगितलं होतं म्हणे. मला पटत नाही, पण माझं कोण ऐकतंय? आणि एक, कोलेस्टेरॉल १०५ आलंय. ते तरी चांगलं ना?

हृदयस्थ

ताई, लोणचं आजच थांबवा. शेजारच्या काकांचं कारण वेगळं असणार. उलट्या-जुलाब झाले, नाहीतर बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम गेलं, तर मीठ देतात. तुमच्या सासऱ्यांच्या अंगात मीठही जास्त आहे आणि पाणी त्याहून जास्त. वरून मीठ दिलं की तहान लागेल, पाणी पितील, सूज वाढेल आणि सोडियम आहे तिथेच राहील. पाणी किती प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

कोलेस्टेरॉलबद्दल : निरोगी माणसात १०५ बघून मी खूश झालो असतो. इथे मात्र आधी विचारीन की जेवण कमी झालंय का, भूक लागते का, वजन उतरलंय का. या आजाराच्या शेवटच्या टप्प्यांत आतड्याला सूज येते, लिव्हर तुंबतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून कोलेस्टेरॉल आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) दोन्ही खाली येतात. पण ते स्टॅटिनमुळेही (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) कमी असू शकतं. म्हणून तूप वाढवू नका आणि स्टॅटिनची गोळी स्वतःहून बंदही करू नका. अटॅक येऊन गेलाय, ती लागणारच.

सांगलीची सून

धन्यवाद सर. हा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आहे, मला हात पुरत नाही तिथे.

आकडेमोड

धागा छान, पण थोडं पाणी ओततो. माझी नोकरी औषध-चाचण्यांच्या संख्याशास्त्रातली, त्यामुळे खोड आहे.

ॲडहिअरचे ते तीन आकडे म्हणजे एकामागून एक विचारायच्या तीन हो-नाही प्रश्नांचं झाड. त्याची अचूकता मोजायचं एक माप असतं, ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे बिनचूक. झाडाला मिळाले साधारण ०.६७. अर्थ असा की वाचलेला एक पेशंट आणि गेलेला एक पेशंट शेजारी ठेवले, तर शंभरातल्या ६७ वेळा हे झाड गेलेल्याला जास्त धोका देईल. उरलेल्या ३३ वेळा उलटं. गट म्हणून २ विरुद्ध २२ टक्के हा फरक खराच आहे. पण त्या २२ टक्क्यांच्या गटातसुद्धा शंभरातले ७८ घरी गेले, हे विसरायचं नाही.

दुसरं, कमी धोक्याचा गट नेहमी मोठा असतो. टक्केवारी लहान असली तरी माणसं जास्त, त्यामुळे बरेचसे मृत्यू तिथेही होतात. ‘तुमचा स्कोअर चांगला आहे, निश्चिंत राहा’ हे म्हणूनच ‘तुमचा स्कोअर वाईट आहे’ इतकंच धोक्याचं वाक्य आहे.

तिसरं, सीबीसीतूनच निघणाऱ्या न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट रेशोवरचे (पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर) पेपर. एखाद्या हॉस्पिटलातले दोनेकशे पेशंट घ्यायचे, त्याच पेशंटांतून सर्वांत छान दिसणारा कट-ऑफ (धोक्याच्या सीमेचा आकडा) काढायचा आणि तोच कट-ऑफ त्याच पेशंटांवर किती छान चालतो हे सांगायचं. पुढच्या पेपरात कट-ऑफ वेगळा. दुसऱ्या गावच्या पेशंटांवर तपासून पाहिलेलं नसेल तर मी तो आकडा वहीत उतरवत नाही. तो रेशो साध्या न्यूमोनियाने वाढतो, स्टेरॉइडच्या इंजेक्शनने वाढतो. हार्ट फेल्युअरच्या भरतीत छातीचं इन्फेक्शन किती जणांना असतं?

आणि माझा आवडता दाखला. अमेरिकेत ‘सपोर्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता, गंभीर आजारी लोकांच्या शेवटच्या काळाचा. त्यातल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांची मृत्यूच्या आधीच्या तीन दिवसांतली गणितं तपासली. मॉडेल त्यांना सहा महिने जगण्याची शक्यता किती देत होतं? मध्यक ५४ टक्के. तीन दिवसांवर मरण आणि गणित म्हणतंय निम्म्याहून जास्त शक्यता आहे! कॅन्सरमध्ये उतरण बहुधा दिसत जाते. इथे माणूस चार वेळा खाली जातो, चार वेळा वर येतो आणि पाचव्या वेळी येत नाही. ती पाचवी वेळ कुठली, हे युरियाला माहीत नसतं.

सूक्ष्मदर्शी

@आकडेमोड, रेशोबद्दल शंभर टक्के सहमत, म्हणून तर मूळ लेखात तो घेतला नाही. लिम्फोसाइट कमी होण्याला अर्थ आहे, ताणामुळे कॉर्टिसोल वाढतं आणि त्या घटतात. पण सगळ्या जगाला लागू पडेल असा एक कट-ऑफ मी तरी पाहिलेला नाही.

०.६७ वर मात्र थोडं भांडतो. त्याच अभ्यासात जास्त बाबी घेऊन केलेलं मोठं गणित ०.७६ च्या आसपास गेलं. म्हणजे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला इंटर्न तीन आकड्यांत करू शकतो ते, आणि कॉम्प्युटरवर बसून केलेलं ते, यात फरक एवढाच. मला ही झाडाची बाजू वाटते.

आकडेमोड

भांडण मान्य. इंटर्नच्या हातात झाड द्या, नातेवाइकांच्या हातात देऊ नका.

न्यूजर्सीचा नाना

आई नाशिकला, मी इकडे. रिपोर्ट पीडीएफने येतात आणि मी रात्री जागून एक्सेलमध्ये भरतो. तीन महिन्यांपूर्वी नवी गोळी सुरू केली (सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन). आईला बरं वाटतंय, जिना चढते. पण बीएनपी (हृदयावरच्या ताणाचंच माप) ४१० वरून ६३० वर गेलं! त्याआधी दुसऱ्या एका लॅबने २,८०० दिलं होतं. मला काहीच कळेनासं झालंय. गोळी बंद करायला सांगू का?

हृदयस्थ

नाना, गोळीला हात लावू नका!

तुमच्या एक्सेलमध्ये दोन वेगळ्या तपासण्या एकाच रकान्यात पडल्या असणार. २,८०० हे बहुतेक एनटी-प्रोबीएनपी आहे, पीडीएफवर नाव नीट वाचा. दोघांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

आता ४१० चे ६३०. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम बीएनपी मोडतं. सॅक्युबिट्रिल त्या एन्झाइमलाच अडवतं, औषधाचं कामच ते. म्हणजे बीएनपी थोडं वाढणारच. एनटी-प्रोबीएनपीला ते एन्झाइम मोडत नाही, म्हणून या गोळीवर असलेल्यांचं एनटी-प्रोबीएनपीच बघायचं, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. वय, किडनी आणि अनियमित ठोके यांनी दोन्ही आकडे वाढतात, लठ्ठपणात कमी दिसतात. आई जिना चढते हे तुमच्या एक्सेलमध्ये आहे का? नसेल तर रकाना वाढवा.

@सर्व, भरतीच्या वेळचा एक आकडा बघून निष्कर्ष काढू नये, तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघावं. वॉर्डात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. लघवीची इंजेक्शनं सुरू केली, चार दिवसांत सहा किलो उतरले, पायाची सूज गेली, पेशंट उताणा झोपू लागला. क्रिएटिनिन १.४ वरून १.८. घरचे म्हणतात, डॉक्टरांनी किडनी घालवली. पण सूज उतरत असताना क्रिएटिनिन थोडं चढलं आणि हिमोग्लोबिनही थोडं दाट झालं, तर बहुधा ते पाणी निघाल्याचं लक्षण असतं आणि असे पेशंट पुढे वाईट जात नाहीत. सूज तशीच आणि क्रिएटिनिन चढतंय, मग माझी झोप उडते. आकडा तोच, पण अर्थ अगदी उलटा. डॅपाग्लिफ्लोझिन (याच आजाराची आणखी एक गोळी) किंवा सॅक्युबिट्रिल सुरू केल्यावरही सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं हलतं, ते चालतं.

मांडवीकाठ

काल लिहिते म्हणाले होते.

बाबांना तीन वर्षं हा आजार होता. शेवटच्या भरतीत सात दिवस रोज सांगितलं गेलं, “ट्रीटमेंट चालू आहे, बघू.” आठव्या दिवशी सकाळी, “आता आमच्या हातात काही नाही, व्हेंटिलेटरचा निर्णय सांगा.” फाइल नंतर पाहिली. पहिल्याच दिवशी युरिया १४०, बीपी ९०, सोडियम १२६. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तो मुद्दाही नाही.

@आकडेमोड, तुमचं गणित मला कळलं. पण तुम्ही म्हणता नातेवाइकांच्या हातात देऊ नका. मला तारीख नको होती हो. ‘धोका मोठा आहे’ एवढं पहिल्या दिवशी कळलं असतं तर दुबईहून भाऊ वेळेत आला असता आणि बाबा बोलण्याच्या स्थितीत असताना त्यांनाच विचारलं असतं, तुम्हाला काय हवंय.

आकडेमोड

ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. माझा आक्षेप टक्केवारी छापून हातात देण्याला आहे. तोंडाने, समोर बसून, ‘या भरतीतून बाहेर न येण्याची शक्यता खरी आहे’ असं सांगायला ०.६७ पुरेसं आहे.

हृदयस्थ

मांडवीकाठ, आमच्या लोकांना हे बोलणं शिकवलंच जात नाही. ‘बघू’ हा आमचा आडोसा आहे.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हॉस्पिटलबाहेर, बरं चाललं असतानाच त्याला शेवटी काय हवंय हे विचारून ठेवावं. आपल्याकडे लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही वगैरे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली, आता नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरपुढे दोन साक्षीदारांसह करता येतं. छातीत शॉक देणारं मशीन बसवलेलं असेल तर शेवटी ते बंद ठेवायचं का, हेही त्यातच बोलून घ्या. मरणासन्न माणसाला शॉक बसताना मी पाहिलेत, घरच्यांनी ते पाहू नये.

आता आकड्यांचा दुसरा उपयोग, ज्याबद्दल धाग्यावर कोणी बोललं नाही. वाईट आकडे म्हणजे हात टेकायचे असं नाही, घाई करायची. वर्षात दुसऱ्यांदा भरती, सोडियम सतत १३० च्या आसपास, युरिया चढता, बीपी इतकं कमी की गोळ्या सोसत नाहीत, लघवीच्या गोळीचा डोस वाढतच चाललाय : असा पेशंट पन्नाशीचा असेल तर त्याला हृदयाचं ट्रान्सप्लांट करणाऱ्या केंद्राला दाखवायची वेळ तीच. लिव्हर-किडनी दोन्ही बसल्यावर आणतात, तेव्हा यादीत नाव घालण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

आणि आपल्याकडे पन्नाशीचे भरपूर आहेत. आपल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत ५३ हॉस्पिटलांतले १०,८५१ पेशंट होते, सरासरी वय साठच्या आसपास. ९० दिवसांत १४ टक्के गेले. त्रिवेंद्रमच्या २०१३ च्या रजिस्ट्रीतल्या १,२०५ जणांपैकी पाच वर्षांत ५९ टक्के गेले. बऱ्याच कॅन्सरांपेक्षा वाईट. पंपिंग कमी असलेल्यांना जी औषधं मिळायला हवीत ती सगळी मिळाली, असे निम्म्याहूनही कमी.

२०२२ चा ‘स्ट्राँग-एचएफ’ अभ्यास बघा. डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली आणि पहिल्या सहा आठवड्यांत अनेकदा बोलावून तपासणी, पोटॅशियम, किडनी, एनटी-प्रोबीएनपी पाहिलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के. रक्ततपासणीचं चीज होतं ते असं.

टवाळ

पहिल्या प्रतिसादातला विनोद मागे घेत नाही, पण वडिलांना पुढच्या आठवड्यात घेऊन जातोय. त्यांचा शेवटचा सीबीसी दीड वर्षापूर्वीचा निघाला.

सांगलीची सून

अजून एक विचारते, मग थांबते. आरडीडब्ल्यू १८.२ चं काय करायचं? ते खाली आणायचं औषध असतं का? फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) केलं होतं, ६४ आहे. रिपोर्टवर नॉर्मलच लिहिलंय, हिमोग्लोबिन ११.४. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्यांनी पोट बिघडतं.

सूक्ष्मदर्शी

ताई, नुसतं आरडीडब्ल्यू खाली आणायचं औषध नाही. पण ते का वाढलंय हे शोधता येतं. आमच्या रिपोर्टवरची फेरिटिनची नॉर्मल रेंज निरोगी माणसांची असते. हार्ट फेल्युअरमध्ये १०० च्या खाली असेल तर लोहाची कमतरताच धरतात. १०० ते २९९ असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय ते) २० टक्क्यांच्या खाली आहे का ते बघतात. म्हणजे ६४ नॉर्मल नाही.

हृदयस्थ

सहमत. गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही, २०१७ मध्ये तसा अभ्यासही झालाय. आतडं सुजलेलं, लोह शोषलंच जात नाही. शिरेतून द्यायचं लोह (फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज) वेगळं. त्याने दम सुधारतो, पुन्हा भरती होण्याचं प्रमाण कमी होतं. आयुष्य वाढतं असं मात्र अजून ठामपणे दाखवता आलेलं नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. पुढच्या भेटीत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनचा रिपोर्ट घेऊनच जा आणि डे-केअरमध्ये लोह देता येईल का ते विचारा.

सांगलीची सून

गुरुवारी नंबर लावलाय. सॅच्युरेशनची तपासणी उपाशीपोटी लागते का?

सूक्ष्मदर्शी

हो, सकाळी उपाशीपोटी दिलेली बरी, लोहाचा आकडा दिवसभरात हलतो. लोहाची गोळी चालू असेल तर रक्त देईपर्यंत घ्यायची नाही, आणि आदल्या दिवशीचीही टाळायची का ते लॅबला विचारून घ्या. त्याच बल्बात सोडियम आणि युरियाही करून घ्या, म्हणजे सुई एकदाच.